दोन कोट, एकच अंदाजित किंमत: लिलावात बोली कोणावर लावावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनमधील एका आगामी लिलावात दोन कोट एकाच अंदाजित किमतीला, १,५०० ते २,५०० पौंडांना, मांडलेले आहेत. पहिल्यावर फ्रेंच फॅशनकार ख्रिश्चन डिओर यांचे पॅरिसचे लेबल आहे आणि त्याचे काळे लोकरी कापड निष्कलंक आहे, मात्र त्याची लांबी कमी केलेली असून अस्तर नंतर बदललेले आहे. दुसऱ्यावर लेबलच नाही. कॅटलॉगमध्ये ‘बालेन्सियागा यांचा असावा, सुमारे १९५५’ एवढेच म्हटले आहे (बालेन्सियागा म्हणजे पॅरिसमध्ये काम करणारे स्पॅनिश फॅशनकार), आत हाताने लिहिलेल्या क्रमांकाची एक फीत आहे, कापडाला तीन-चार ठिकाणी कसर लागलेली आहे आणि एक बटण हरवलेले आहे. यापूर्वी आपण लिलावात कधी बोली लावलेली नाही, संग्रहाची ही सुरुवात आहे आणि सर्व खर्च धरून २,५०० पौंडांपलीकडे जायचे नाही, असे आपण लिहिले आहे.

माझे उत्तर दुसऱ्या कोटाच्या बाजूने आहे, पण ते सशर्त आहे. खाली ज्या गोष्टी तपासायला सांगते आहे त्यांची खातरजमा झाली नाही, तर दोन्ही कोट सोडून द्यावेत.

संग्राहक कोट विकत घेतो तेव्हा तो मुख्यतः एक बेत विकत घेत असतो, म्हणजे कापड कसे बेतले, खांद्यावरून ते कसे सोडले, बाही कुठे बसवली आणि घेर कुठे थांबवला हे सारे. डिओर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी आपला पहिला संग्रह सादर केला, तेव्हापासून त्यांच्या कपड्यांत लांबी हा रचनेचाच एक घटक होता. कमरेपासून तळापर्यंतचे अंतर बदलले की कॉलरचा आकार, खिशांची उंची आणि बटणांमधील अंतर ही सगळीच प्रमाणे विस्कटतात. त्यांच्या १९५४-५५ मधील एच, ए आणि वाय या रेषांची नावेच आकृतीवरून आलेली आहेत. अशा कोटाचा तळ दहा सेंटिमीटर वर घेतला, तर आपल्या हाती उत्तम कापडाचा आणि उत्तम शिलाईचा कोट उरतो, पण ती आकृती उरत नाही. कसरीचे छिद्र हे नुकसान आहे आणि ते जिथे आहे तिथेच राहते. कापलेली लांबी मात्र संपूर्ण कोट बदलून टाकते. त्यामुळे जुन्या कोटांच्या बाबतीत मी मोठ्या फेरबदलापेक्षा छोटी इजा नेहमीच पत्करते, आणि नवख्या संग्राहकांनीही हाच क्रम मनाशी धरावा असे मला मनापासून वाटते.

तरीही पहिल्या कोटाविषयी एक प्रश्न लिलावगृहाला अवश्य विचारा: लांबी कमी करताना कापड कापले आहे, की आत दुमडून ठेवले आहे? जुने शिंपी पुष्कळदा माया, म्हणजे दुमडीत आणि शिवणीत सोडलेले जादा कापड, आत राखून ठेवत. आत मूळ दुमडीसकट सगळे कापड शाबूत असेल, तर वस्त्र-संवर्धक ते पुन्हा सोडू शकतो. जुन्या घडीची पुसट रेघ राहील, पण मूळ प्रमाण परत येईल. तसे असल्यास या कोटाकडे पुन्हा पाहता येईल. कापड कापलेले असेल, तर तो कोट घालण्यासाठी घ्यावा, संग्रहासाठी नव्हे.

त्याच कोटाचे बदललेले अस्तर मला लांबीहूनही जास्त खटकते, कारण त्याचा थेट संबंध लेबलाशी आहे. अस्तर बदलायचे तर लेबल काढून पुन्हा लावावे लागते, आणि एकदा उसवून पुन्हा शिवलेल्या लेबलाची साक्ष कमकुवत होते. ते लेबल याच कोटाचे होते, की दुसऱ्याच एखाद्या फाटक्या कपड्यावरून आणून लावले, हे नंतर सांगणे कठीण असते. डिओर यांच्या पॅरिसच्या हातशिलाईच्या कपड्यांवरील लेबलांत त्या काळी ऋतू आणि वर्ष विणलेले असे, आणि सोबत शाईने उमटवलेला क्रमांक असे. न्यूयॉर्कची शाखा १९४८ मध्ये आणि लंडनची १९५२ मध्ये सुरू झाली. तेथील लेबले वेगळी आहेत, आणि त्या कपड्यांची किंमत पॅरिसच्या कपड्यांच्या पंगतीला बसत नाही. याशिवाय परवान्याने बनवलेले कपडे आणि अमेरिकेतील मोठ्या दुकानांनी पॅरिसहून नमुने विकत घेऊन हुबेहूब शिवलेल्या प्रती, हा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यांतील काही प्रती शिलाईत अतिशय उंची आहेत आणि त्यांचा संग्रह करणे मुळीच कमीपणाचे नाही, मात्र त्या ज्या आहेत त्याच नावाने आणि त्याच भावाने घ्यायला हव्यात.

लेबल तपासताना त्याच्या चारही कडांचे टाके पाहा. मूळ टाके बारीक, सारख्या अंतराचे आणि अस्तराच्या रंगाशी जुळणाऱ्या दोऱ्याचे असतात, आणि लेबलाखालचे अस्तर भोवतालच्या अस्तरापेक्षा किंचित कमी विटलेले असते. लेबलाच्या कडेला रिकामी सुईची छिद्रे दिसली, तर ते पूर्वी दुसरीकडे शिवलेले होते असे समजावे. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च जवळ असल्यास उत्तम. दुसऱ्या महायुद्धानंतर धुलाईच्या साबणांत आणि पांढऱ्या दोऱ्यांत चकाकी आणणारी रसायने वाढत गेली, आणि ती या प्रकाशात निळसर उजळतात. कोट काळवंडलेला राहिला आणि लेबलाचा दोरा मात्र लखलखला, तर तो दोरा नंतरचा असण्याची दाट शक्यता आहे. अर्थात कोट कधी साबणात धुतला गेला असेल तर सारेच उजळेल, म्हणून ही एकच खूण निर्णायक मानू नये.

आता दुसरा कोट. लेबल नसणे ही काही असाधारण गोष्ट नाही. परदेशातून आलेली गिऱ्हाइके सीमाशुल्क चुकवण्यासाठी लेबले कापून टाकत असत, आणि काही जणींना मानेशी ते टोचत असे. क्रमांकाची फीत आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण पॅरिसच्या मोठ्या फॅशनगृहांत प्रत्येक मागणीला क्रमांक दिला जाई. मात्र असे क्रमांक अनेक गृहे देत होती, त्यामुळे फीत एवढेच सांगते की हा कोट कोणा एका व्यक्तीसाठी मोजमाप घेऊन शिवलेला असावा. तो बालेन्सियागा यांचा आहे की नाही, हे कोटाच्या बेतावरूनच ठरवावे लागेल. कॅटलॉगमधील ‘असावा’ हा शब्द म्हणजे लिलावगृहाचे मत आहे. विक्रीच्या अटी वाचल्यास दिसेल की, ठळक अक्षरांत निःसंदिग्धपणे दिलेल्या कर्त्याच्या नावाची जेवढी हमी लिलावगृह घेते, तेवढी अशा मोघम शब्दांची घेत नाही.

क्रिस्तोबाल बालेन्सियागा यांनी १९३७ मध्ये पॅरिसमध्ये आपले गृह उघडले आणि १९६८ मध्ये ते बंद केले. ते स्वतः कापड कापू आणि शिवू शकत होते, आणि बाही हा त्यांचा ध्यास होता. पटली नाही तर पूर्ण झालेली बाहीही ते उसवून पुन्हा बसवत. त्यांच्या कोटांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. कॉलर मानेपासून थोडी दूर, मागे कललेली असते. बाही मनगटाच्या वर थांबते. बाही आणि अंग यांचे कापड शक्य तिथे अखंड ठेवून बगलेत कळी, म्हणजे हालचालीसाठी जोडलेला छोटा तुकडा, घातलेली असते, त्यामुळे हात वर केला तरी कोट वर ओढला जात नाही. पाठीचा भाग फुगीर आणि पुढचा भाग अंगाला जवळ, ही १९५१ पासूनची त्यांची अर्धबैठी आकृती प्रसिद्धच आहे. शिवणी कमीत कमी असतात, आणि १९६१ मध्ये तर त्यांनी एकाच शिवणीचा कोट साकारला. आपल्या लॉटमधील, म्हणजे लिलावात त्या क्रमांकाने मांडलेल्या, कोटाच्या बगलेचे, मानेच्या मागच्या बाजूचे आणि पाठीच्या शिवणीचे छायाचित्र मागवा आणि ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि गेतारिया या त्यांच्या जन्मगावी २०११ मध्ये उघडलेल्या बालेन्सियागा संग्रहालयातील कोटांच्या छायाचित्रांशी शेजारी ठेवून पाहा. यात घाई करू नये. एखादी संध्याकाळ या तुलनेत गेली तरी ती सत्कारणी लागते, कारण पुढची प्रत्येक बोली आपण याच नजरेने लावणार आहात.

बेत जुळला तरी आतील काम जुळायला हवे. उंची हातशिलाईच्या कोटात छातीच्या आणि कॉलरच्या आत कॅनव्हास असतो, आणि तो असंख्य तिरक्या हातटाक्यांनी कापडाशी जोडलेला असतो. कॉलरची मागची बाजू बोटांत धरून हलकेच वाकवली, तर ती मऊपणे वळते आणि हळूच परत येते. चिकटपट्टीसारखे डिंकाचे अस्तर इस्त्रीने बसवलेले असेल, तर कॉलर पुठ्ठ्यासारखी ताठ वाटते, कधी कापडावर बारीक फोड दिसतात. असे डिंकाचे अस्तर १९५५ च्या पॅरिसच्या हातशिलाईच्या कोटात असणे अत्यंत संशयास्पद आहे. अस्तर कोटाला हातानेच जोडलेले असावे, काजे हाताने भरलेली किंवा कापडाच्याच पट्टीने बांधलेली असावीत, शिवणींच्या आत भरपूर माया असावी आणि तिच्या कडा हाताने गुंफलेल्या असाव्यात. तळाच्या दुमडीत वजनासाठी छोटे शिसे किंवा साखळी ठेवण्याचा प्रघातही अनेक गृहांत होता. २०१७ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने बालेन्सियागा प्रदर्शनासाठी काही कपड्यांची क्ष-किरण छायाचित्रे काढवून घेतली, आणि त्यांत कापडामागची अशी दडलेली रचना स्पष्ट दिसली. आपल्याला क्ष-किरणांची गरज नाही. बोटांनी दुमड चाचपली तरी वजने कळतात.

स्थिती-अहवाल नेहमी लेखी मागवा आणि त्यातील मोघम शब्दांमागे जा. ‘वयानुरूप झीज’ या शब्दांखाली बगलेतील घामाने कडक झालेले अस्तर, कोपरांचे विरळ कापड आणि मानेवरचा चिकट मळ हे सगळे लपू शकते. कापडाची विरळ जागा पाहायची असेल, तर कोट प्रकाशाकडे धरलेले छायाचित्र मागावे. वास छायाचित्रात येत नाही, म्हणून बुरशी, सिगारेट आणि डांबरगोळ्या यांपैकी कशाचा वास येतो काय, हे सरळ शब्दांत विचारावे. पाहणीच्या दिवसांत स्वतः जाणे शक्य असेल तर जावेच, कारण लोकरीचे वजन आणि खांद्याचा तोल हे हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

कसरीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपण त्याच कारणाने या कोटाला बिचकत आहात. लोकर पतंग खात नाही, त्याची अळी खाते. ती अंधाऱ्या, न हलणाऱ्या, घामाने किंवा अन्नाने मळलेल्या जागा पसंत करते, म्हणून कॉलरखाली, खिशांच्या झडपांखाली आणि दुमडीत तिचा वावर असतो. कॅटलॉगमध्ये तीन-चार छिद्रे म्हटली असली, तरी कॉलर, झडपा आणि दुमड या तिन्ही जागांची छायाचित्रे मागवावीत. छिद्रे जुनी असतील आणि ताज्या अळीची रेशमी नळी, वाळूसारखी विष्ठा किंवा कापडाचा सुटा भुसा दिसत नसेल, तर कोटाच्या किमतीवर थोडाच परिणाम व्हावा. दाट विणीच्या लोकरीत दोन मिलिमीटरचे छिद्र चांगला रफूगर असे भरतो की ते शोधावे लागते. दुमडीतल्या मायेतून त्याच कापडाचे धागे मिळतात, आणि माया शाबूत असणे किती मोलाचे आहे ते इथे पुन्हा लक्षात येईल.

हरवलेल्या बटणासाठी बाकीची सगळी बटणे बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. उरलेल्या बटणाचा साचा काढून एक बटण घडवता येते. ते न दिसणाऱ्या जागी, म्हणजे शक्यतो सर्वांत खालच्या काजासमोर लावावे आणि तशी नोंद ठेवावी.

आता पैशाकडे येऊ. हातोडा ज्या रकमेवर पडतो, म्हणजे जी शेवटची बोली ठरते, ती आपण देणार असलेली रक्कम नसते. क्रिस्टीज आणि सदबीज या दोन्ही लिलावगृहांनी लंडनमध्ये १९७५ मध्ये खरेदीदाराकडून हातोड्याच्या रकमेवर अधिभार घेण्यास सुरुवात केली, आणि आज तो बहुतेक ठिकाणी २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असतो. इंग्लंडमध्ये त्या अधिभारावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागतो, आणि लिलावगृहाच्या स्वतःच्या व्यवस्थेऐवजी एखाद्या ऑनलाइन मंचावरून बोली लावल्यास पुष्कळदा आणखी ३ ते ५ टक्के द्यावे लागतात. समजा हातोडा २,००० पौंडांवर पडला, अधिभार २५ टक्के आहे आणि मंचाचे शुल्क ५ टक्के आहे. तर अधिभाराचे ५००, त्यावरील कराचे १००, मंचाचे १०० आणि त्यावरील कराचे २०, असे मिळून २,७२० पौंड होतात. वाहतूक आणि विमा यांचा खर्च वेगळाच. आपली एकूण मर्यादा २,५०० पौंड आहे आणि वाहतुकीला १५० लागतील असे धरले, तर हातोड्याची मर्यादा १,७०० पौंड ठरते. हा हिशेब कॅटलॉग उघडा असताना, लिलावाच्या आदल्या दिवशीच कागदावर करावा. कोट दुसऱ्या देशात न्यायचा असेल, तर तेथील आयात-शुल्कही याच कागदावर आधी मांडावे.

ही १,७०० ची मर्यादा अंदाजित किमतीच्या खालच्या टोकाजवळ आहे, त्यामुळे कोट हातातून जाऊ शकतो, आणि ते स्वीकारण्याची तयारी ठेवावी. विक्रेत्याची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली तो विकणार नाही ती रक्कम, गुप्त असते, मात्र ती सामान्यतः अंदाजाच्या खालच्या आकड्याहून जास्त नसते. म्हणून १,५०० च्या आसपास गंभीर बोली लावणाऱ्याला संधी असतेच. आपण लेखी बोली ठेवणार असाल तर ती लवकर पाठवावी, कारण समान रकमेच्या दोन लेखी बोलींत आधी पोहोचलेली ग्राह्य धरण्याची पद्धत आहे. लॉट विकलाच गेला नाही, तर लिलाव संपल्यावर लगेच लिलावगृहाला निरोप पाठवावा. विक्रेता अनेकदा त्या दिवशी राखीव किमतीच्या जवळपास सौदा करायला तयार असतो, आणि ही वाट फार थोडे जण वापरतात याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

किंमत कशाने चढते हेही समजून घ्यावे. प्रसिद्ध व्यक्तीचा कोट असेल तर आपण कोटासाठी नव्हे, त्या व्यक्तीसाठी पैसे देत असतो. चित्रपट अभिनेत्री ऑड्री हेपबर्न यांच्या वैयक्तिक कपड्यांचा लिलाव २०१७ मध्ये लंडनला झाला, तेव्हा त्यांचा बर्बरीचा ट्रेंच कोट अंदाजाच्या कितीतरी पट रकमेला गेला. त्याच बनावटीचा दुसरा कोट त्या भावाच्या जवळपासही जाणार नाही. याउलट २००५ मध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात डेनिस प्वारे यांच्या कपड्यांची विक्री झाली, तेव्हा फ्रेंच फॅशनकार पॉल प्वारे यांनी पत्नी डेनिससाठी केलेला १९१४ चा मोटारप्रवासाचा कोट फॅशनकार अझेदीन अलाया यांनी १ लाख ३० हजार युरोंहून अधिक किमतीला घेतला. अलाया स्वतः अव्वल दर्जाचे शिवणकार होते. मूळ मालकिणीकडून थेट आलेला आणि कोणी हात न लावलेला बेत किती मोलाचा असतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. लिलावात फॅशनगृहांचे स्वतःचे संग्रह आणि संग्रहालये हीही बोली लावतात, आणि त्यांच्याशी स्पर्धा करण्याच्या फंदात नवख्याने पडू नये.

म्हणूनच, हा बालेन्सियागा हुकला तर पुढे काय पाहावे, तेही सुचवते. बालेन्सियागा यांच्या स्पेनमधील कार्यशाळांतून ‘एइसा’ या लेबलाने कपडे निघत. बेत त्यांचाच, शिलाईही उत्तम, आणि भाव पॅरिसच्या लेबलापेक्षा पुष्कळदा नरम असतो. पॅरिसमध्ये जन्मलेल्या आणि १९३७ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या फॅशनकार पोलीन त्रिजेर चित्र न काढता थेट कापडावर बेत करीत. त्यांचे लोकरी कोट पाहून बेत म्हणजे काय ते शिकता येते. अमेरिकी फॅशनकार बॉनी कॅशिन यांचे चामड्याची किनार लावलेले, पितळी फिरक्यांनी बंद होणारे कोट आजही रोज घालता येतील असे आहेत. १९८१ पासून पॅरिसमध्ये आलेल्या कॉम दे गार्सों हे जपानी फॅशनगृह आणि जपानी फॅशनकार योजी यामामोतो यांचे सुरुवातीचे कोट मात्र आता झपाट्याने महाग होत आहेत. केवळ वस्त्रांचेच लिलाव करणाऱ्या लंडनच्या केरी टेलर आणि अमेरिकेच्या ऑगस्टा या गृहांचे कॅटलॉग नियमित वाचावेत. ऑगस्टामध्ये संग्रहालयांनी आपल्या संग्रहातून काढलेले कपडेही येतात, आणि त्यांचा पूर्वेतिहास बहुधा स्वच्छ असतो.

दोन प्रकारच्या कोटांपासून सध्या दूर राहा. पहिला फरचा. बिबट्या १९७५ पासून साइट्स या, संकटग्रस्त वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, आणि सर्व वानरवर्गीय प्राणी याच कराराच्या याद्यांत आहेत. त्यामुळे नुसती कॉलर बिबट्याची किंवा किनार माकडाच्या केसांची असली, तरी परवान्याशिवाय कोट सीमेपार नेता येत नाही. दुसरा प्रकार १९६० च्या दशकातील विनाइलच्या आणि चकचकीत लेप दिलेल्या कापडाच्या कोटांचा. विनाइलला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येऊन पृष्ठभाग चिकट होतो, पॉलियुरेथेनचा लेप हवेतील ओलाव्याने तडकून सोलवटतो, आणि यांवर कायमचा उपाय नाही.

कोट मिळाला, तर तो घरी आणताच इतर लोकरी कपड्यांत ठेवू नका. हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या आसपास किमान एक आठवडा, आणि घरगुती फ्रीझर असेल तर दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्यावी, म्हणजे दव कापडावर न बसता पिशवीवर बसेल. काच-मणी किंवा जुन्या प्लॅस्टिकची सजावट असलेल्या कोटावर हा उपाय संवर्धकाला विचारल्याशिवाय करू नये. त्यानंतर मऊ ब्रश आणि जाळी लावलेला मंद व्हॅक्यूम यांनी धूळ काढावी. ड्राय-क्लीनिंगला लगेच देऊ नये, कारण त्यात जुना कॅनव्हास आक्रसू शकतो आणि डाग कायमचे बसू शकतात. खांद्याच्या आकाराचे, कापूस भरून जाड केलेले हँगर वापरावे, वर धुऊन खळ काढलेल्या सुती कापडाचे आच्छादन घालावे आणि प्लॅस्टिकचे आवरण काढून टाकावे. वजनदार किंवा तिरक्या बेताचा कोट टांगण्याऐवजी आम्लरहित कागदाच्या वळकट्या घड्यांत घालून पेटीत आडवा ठेवावा.

आणि त्याच दिवशी लॉटचे पान, स्थिती-अहवाल, लिलावगृहाशी झालेला पत्रव्यवहार आणि पावती यांच्या प्रती काढून घ्या, कारण लिलावाची पाने कालांतराने हटवली जातात. क्रमांकाच्या फितीचे, बगलेतील कळीचे आणि दुमडीतील मायेचे दुरुस्तीपूर्वीचे छायाचित्र त्यांना जोडा. रफूगर किंवा संवर्धकाने जे काही केले, ते तारखेसह लिहून त्याच पाकिटात ठेवा. त्या क्रमांकाचा पुढे कधी एखाद्या संग्रहालयातील नोंदीशी मेळ बसला, तर ‘असावा’ हा शब्द काढण्यासाठी याच कागदांची गरज पडेल.